फौजदारला संध्याकाळपासून उलट्या-जुलाब. रात्र काढू का आत्ताच निघू?

द्राक्षवाला_मणेराजुरी
शनिवार, रात्री ९:४०

मंडळी, घाईत लिहितोय, चुका पोटात घाला.

फौजदार म्हणजे आमचा कुत्रा. आई कारवानी जातीची, बाप गावातला कुणीतरी. वय चार वर्षं, वजन बावीस किलो शंभर ग्रॅम. गेल्याच महिन्यात बेदाण्याच्या काट्यावर बसवून केलंय, त्यामुळं वजनात शंका नाही. राहतो बेदाण्याच्या शेडवर. लस दरवर्षी देतो, जंताची गोळी दिवाळीत दिली होती.

संध्याकाळी सातला पहिली उलटी. तिथून आत्तापर्यंत पाच झाल्या. पहिल्या दोन खाल्लेल्याच्या, मग नुसता फेस आणि पिवळं पाणी. जुलाब तीनदा, पार पाण्यासारखे, रक्त दिसलं नाही. पाणी पितोय पण दहा मिनिटांत बाहेर. मघाशी मटणाचा तुकडा नाकासमोर धरला तर मान फिरवली. ह्या कुत्र्यानं आजवर चपलेला नाही म्हटलेलं नाही.

माझा संशय हाडांवर आहे. काल भावकीत यात्रेचं जेवण होतं, पत्रावळीतलं सगळं ह्यानंच साफ केलं. गावातल्या मेडिकलमधनं माणसाची जुलाब थांबायची गोळी आणली, अर्धी गुळातनं दिली. आत राहिली का उलटीत पडली सांगता येत नाही. आई म्हणते जायफळ उगाळून चाटव. बायको म्हणते गाडी काढा. मला वाटतंय रात्रभर उपाशी ठेवावं आणि सकाळी बघावं, कारण सहाला माल झाडायला बायका येणार आहेत आणि शेडवर दुसरं कोण नाही.

एक राहिलं. दुसऱ्या उलटीत चार-पाच फुगलेले बेदाणे होते. पण त्यात विशेष काही नाही, शेडवरचं कुत्रं आहे, रॅकखाली पडलेला मणी तोंडात जातोच.

मिरजकाका
रात्री ९:५२

घाबरू नका. चाळीस वर्षं कुत्री पाळतोय, असल्या रात्री शंभर काढल्या. हाड अडकलं असेल तर एक पेलाभर कोमट मीठपाणी पाजा, सगळं पडून जातं. मग सकाळी ताक-भात, हिंग घालून. जायफळही चांगलंच, तुमच्या आईचं ऐका. डॉक्टर सलाईन लावणार आणि पैसे घेणार.

गोडोलीकर
रात्री ९:५८

काका, तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण पाणीसुद्धा पोटात राहत नाही म्हणतायत ते. मी साताऱ्याची. माझ्या पिल्लाच्या वेळी मीही "सकाळी बघू" म्हटलं होतं. दादा, जवळपास कोण डॉक्टर आहेत त्यांना फोन तरी लावून ठेवा.

विट्याचा_पशुवैद्य
रात्री १०:०६

सगळ्यांनी जरा थांबा. मणेराजुरीकर, हाडांचं नंतर बघू. तीन गोष्टी शोधून लगेच लिहा.

बेदाणे किती खाल्ले? "एखादा मणी" नको, खरोखर किती ते. शेडवर कोण होतं दुपारी, त्याला विचारा.
किती वाजता खाल्ले?
शेवटची लघवी कधी केली?

आणि मीठपाणी अजिबात पाजू नका. मिठानं रक्तातलं सोडियम वाढून कुत्रं झटके येऊन जाऊ शकतं. मी असं कुत्रं पाहिलंय. मालकानं चांगल्या मनानंच पाजलं होतं. जायफळ पण नको, कुत्र्याला जास्त झालं तर थरथर आणि भ्रम होतो.

जत_एक्सप्रेस
रात्री १०:१५

बेदाण्यानं काय होतंय हो? आमच्या शेडवर तीन कुत्री बेदाणा खाऊनच मोठी झाली. माणसाला ताकदीसाठी देतात आणि कुत्र्याला विष? इंटरनेटवरचं काही पण.

द्राक्षवाला_मणेराजुरी
रात्री १०:२२

डॉक्टर, विचारून आलो.

रखवालदाराचा पोरगा म्हणतोय, दुपारी चारच्या सुमाराला निवडून काढलेला काळा माल एका घमेल्यात भरून दाराशी ठेवला होता. चहाला सगळे बाहेर गेले. परत आले तर फौजदार घमेल्यात तोंड घालून उभा. पोरानं हाकलला पण मला सांगितलं नाही, मार बसेल म्हणून. घमेलं आत्ता बॅटरीत बघितलं, एका बाजूनं खोल खड्डा पडलाय. पाव किलो तरी गेला असेल, जास्तच, कमी नाही.

लघवी सहाच्या आधी केली होती. त्यानंतर मी बघितलेली नाही.

विट्याचा_पशुवैद्य
रात्री १०:२९

निघा. आत्ता. उपाशी ठेवून सकाळी बघण्याचा हा प्रकार नाही.

द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याच्या मूत्रपिंडांवर घाला घालतो. आधी उलट्या-जुलाब होतात, मग कधी कधी कुत्रं बरं वाटायला लागतं, आणि एक ते तीन दिवसांत लघवी कमी होत होत बंद पडते. तोवर उशीर झालेला असतो. बावीस किलोच्या कुत्र्यानं पाव किलो म्हणजे किलोमागे अकरा ग्रॅमच्या वर. किलोमागे तीन ग्रॅमच्या आसपास बेदाण्यानंही कुत्र्यांची मूत्रपिंडं गेल्याच्या नोंदी आहेत, आणि इतकं चालतं असा सुरक्षित आकडा कुणीच देऊ शकत नाही.

साडेसहा तास झालेत, तरी बेदाणा पोटात फुगून बराच वेळ रेंगाळतो, म्हणून डॉक्टर अजूनही इंजेक्शन देऊन उलटी करवून घेतील. ते काम त्यांचंच, घरी प्रयत्न नको. निघण्याआधी सांगली-मिरजेत जिथे रात्री कुत्रं बघतात तिथे फोन करा आणि पहिलं वाक्य "पाव किलो बेदाणा, दुपारी चार वाजता" हेच बोला. हाडांपासून सुरुवात केलीत तर पहिला अर्धा तास एक्स-रेत जाईल. गोळीचं पाकीट बरोबर घ्या. दूध, गूळ, काही देऊ नका.

निघताना एक बघा. वरचा ओठ उचला, हिरडीवर अंगठा दाबून सोडा. पांढरी झालेली जागा दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला पाहिजे. किती लागली ते डॉक्टरांना सांगा.

द्राक्षवाला_मणेराजुरी
रात्री १०:३४

डॉक्टर, ह्याच्या हिरड्या काळ्या आहेत. पहिल्यापासनंच. काय दिसंना.

विट्याचा_पशुवैद्य
रात्री १०:३५

मग डोळ्याची खालची पापणी बोटानं खाली ओढा. आतला रंग बघा. गुलाबी, पांढरट, पिवळा, काय आहे? आणि हिरडीला बोट लावा. ओली-बुळबुळीत आहे का चिकट?

द्राक्षवाला_मणेराजुरी
रात्री १०:३९

फिकट गुलाबी. बोट चिकटतंय. गाडी काढली. बायको मागं त्याला मांडीवर घेऊन बसलीय. एक शब्द बोलली नाही, त्याचीच जास्त भीती वाटते.

जत_एक्सप्रेस
रात्री १०:५५

कुत्रं बरं होवो. पण डॉक्टर, माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच. तीन कुत्री, सहा वर्षं, काही झालं नाही. ते कसं?

विट्याचा_पशुवैद्य
रात्री ११:२०

रास्त प्रश्न आहे. वर्षानुवर्षं पशुवैद्यांनाही हेच कोडं होतं. एक कुत्रं पेटीभर द्राक्षं पचवतं आणि दुसरं मूठभर खाऊन जातं. बुरशी, कीटकनाशक, जड धातू, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या विषबाधा बघणाऱ्या पशुवैद्यांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. घरी बनवलेली खेळण्याची कणीक खाऊन एका कुत्र्याची मूत्रपिंडं गेली, आणि त्या कणकेत टार्टारिक आम्लाचा क्षार होता. तिथून धागा जुळला. द्राक्षात हे आम्ल जात, पिकण्याची अवस्था, हवामान यांप्रमाणे कमी-जास्त असतं. म्हणून तुमची तीन कुत्री वाचली असतील. माल बदलला, साल बदललं तर हिशेबही बदलेल.

चिंचेतही तेच आम्ल आहे, चिंचेनं त्रास झालेली कुत्रीही सापडली आहेत. आपल्याकडे चिंच फोडायला बसलेल्या बायकांच्या शेजारी कुत्रं असतंच, म्हणून सांगितलं.

आणि हे द्राक्षं सुकवायच्या आधी लावतात त्या डिपिंगच्या ऑइलचं किंवा गंधकाच्या धुरीचं काम नाही. पाण्यानं धुतलेला, सेंद्रिय, देवाच्या प्रसादातला बेदाणासुद्धा तितकाच वाईट. शिऱ्यातला, खिरीतला, केकमधला, तोही.

द्राक्षवाला_मणेराजुरी
रविवार, पहाटे ४:१०

पोचलो होतो पावणेबाराला. इंजेक्शननंतर पाच मिनिटांत उलटी. मी आयुष्यभर बेदाणा बघतोय, पण असला बघितला नव्हता. एकेक मणी फुगून परत द्राक्ष झालेला. डॉक्टरांनी काठीनं पसरून दाखवला, म्हणाले मोजा हवं तर. मग कोळशाची पूड पाण्यात कालवून पाजली, त्यातली निम्मी माझ्या शर्टावर. उलटी थांबायचं इंजेक्शन, सलाईन सुरू. रक्त घेतलं. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं कशी चाललीत त्याचा आकडा, १.२ आलं. मी म्हटलं नॉर्मल आहे ना, मग नेऊ घरी? डॉक्टर माझ्याकडं बघतच राहिले.

विट्याचा_पशुवैद्य
रविवार, सकाळी ७:३०

त्यांचं बरोबर आहे. मूत्रपिंडांचं बरंचसं काम बंद पडल्याशिवाय क्रिएटिनिन चढत नाही. पहिल्या रात्रीचा आकडा हा फक्त मोजणीची सुरुवात. चोवीस, अठ्ठेचाळीस, बहात्तर तासांनी परत बघायचं. त्या काळात सलाईन चालूच, आणि लघवी किती होते त्यावर डोळा. घाईनं घरी नेऊ नका, कुत्रं शेपूट हलवायला लागलं तरी.

गोडोलीकर
रविवार, सकाळी ९:१५

दादा, बरं झालं निघालात.

डॉक्टर, इथेच एक विचारते, कारण माझ्यासारखे खूप जण वाचत असतील. कुत्र्याला वर्षातून चार वेळा पोट बिघडतंच. प्रत्येक वेळी कोण गाडी काढणार? फौजदारचं बेदाण्यावरून कळलं. नाही कळलं तर घरी थांबायचं कधी आणि पळायचं कधी?

माझं सांगते. दोन वर्षांपूर्वी दहा आठवड्यांचं लॅब्रेडॉरचं पिल्लू आणलं. पहिली लस झाली होती, मला वाटलं झालं काम. एका सकाळी खाल्लं नाही, दुपारी उलटी, संध्याकाळी पातळ शी. दही-भात दिला, रात्र काढली. सकाळी चादरीवर रक्ताचं पाणी, आणि एक वास. तो वास मी अजून विसरलेली नाही, सडक्या लोखंडासारखा म्हणू का काय म्हणू. पार्व्हो, पिल्लांच्या आतड्यांचा विषाणू. शीच्या तपासणीत दहा मिनिटांत कळलं. पाच दिवस सलाईन लावून घेतली, सहाव्या दिवशी गेलं. डॉक्टर काही बोलले नाहीत, पण आदल्या रात्री आणलं असतं तर, हे त्यांच्या तोंडावर होतं.

विट्याचा_पशुवैद्य
रविवार, दुपारी २:४०

तुमच्या पिल्लाचं वाईट वाटलं. एका लसीनं पार्व्होपासून पुरतं संरक्षण मिळत नाही. सहा-आठ आठवड्यांपासून सुरू करून दोन-चार आठवड्यांच्या अंतरानं, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत लसी द्याव्या लागतात, कारण आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती आधीच्या लसी निष्फळ करू शकते. तोवर पिल्लू रस्त्यावर, बागेत, दुसऱ्याच्या अंगणात सोडायचं नाही. विषाणू जमिनीत महिनोन्महिने जिवंत राहतो, फिनाइलनं हमखास मरेल असं धरून चालू नका. साधं ब्लीच, तीस भाग पाण्यात एक भाग, दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. त्याच घरात नवं पिल्लू आणायचं असेल तर लसी पुऱ्या झालेलंच आणा.

आता तुमचा प्रश्न. मला कुणी फोन केला की मी शीबद्दल नंतर विचारतो, आधी कुत्र्याबद्दल. दारात कोणी आलं तर उठून बघतंय का? पाणी पितंय आणि ते पोटात राहतंय का? मोठं, लस झालेलं, एरवी धडधाकट कुत्रं, दोन-तीनदा पातळ झालं पण डोळ्यांत चमक आहे, खायला मागतंय, तर एक दिवस घरी काढायला हरकत नाही. उलट्या होत असतील तर एक जेवण चुकवा. पाण्याचं भांडं भरून ठेवू नका, घटाघटा पिऊन परत ओकतं. अर्धा तासाला अर्धी वाटी. नुसते जुलाब असतील, उलटी नसेल, तर उपाशी ठेवायचीही गरज नाही. पिल्लाला आणि त्या बोटभर जातींना तर उपाशी ठेवूच नका, त्यांची साखर पटकन उतरते.

मग मऊ भात, दोन वाट्यांना एक वाटी उकडलेलं चिकन. बिनहाडाचं, बिनकातडीचं. "साधं" म्हटलं की आपल्याकडे हळद-मीठ-लसूण पडतोच, तसलं साधं नको. कांदा-लसणानं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. शाकाहारी घरात भात आणि फोडणी न दिलेलं मुगाचं वरण, चमचाभर उकडलेला लाल भोपळा. दही ज्याला सवयीचं आहे त्याला थोडं, दूध नको. दिवसातून चार-पाचदा थोडं थोडं, तीन दिवस, मग नेहमीचं हळूहळू मिसळत जा. जुलाब थांबले की दुसऱ्याच दिवशी मटणाची वाटी समोर ठेवणारे मालक हे माझं निम्मं उत्पन्न आहेत.

शी बघायचीच तर अशी बघा. मोजक्या वेळा पण भरपूर, पाण्यासारखी, आणि कुत्रं वाळत चाललंय, तर बिघाड लहान आतड्यात. दर दहा मिनिटांनी कुंथतंय, चमचाभरच येतंय, शेंबडासारखं, वर एखादी लाल रेघ, तर मोठ्या आतड्यात. दुसरा प्रकार बघून लोक जास्त घाबरतात, पण कुत्रं हिंडतं-फिरतं असेल तर बहुतेक वेळा तो निभावतो. डांबरासारखी काळी, चिकट शी म्हणजे वर कुठेतरी रक्त पाझरतंय. त्याच दिवशी दाखवा.

पळायचं कधी? सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू असेल तर वाट बघूच नका. पाण्याचा घोट पोटात ठरत नसेल. हिरड्या पांढऱ्या किंवा पिवळ्या दिसत असतील. ताप एकशे चारच्या वर किंवा नव्याण्णवच्या खाली असेल, कुत्र्याचं नेहमीचं तापमान आपल्यापेक्षा जास्त, एकशे एक ते एकशे अडीच. गाभण, म्हातारं, आधीच काही आजार असलेलं. आंब्याची कोय किंवा दाणे काढलेलं मक्याचं कणीस गिळल्याची शंका असेल. मे-जूनमध्ये मी ऑपरेशन करून कोयच काढत असतो. तोंडातून लाळ गळतेय, अंग थरथरतंय, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात, तर कीटकनाशक समजा आणि फवारणीच्या औषधाची बाटली बरोबर आणा.

आणि एक, जे कारवानी, मुधोळ, डॉबरमन, ग्रेट डेन पाळणाऱ्यांनी पाठच करून ठेवावं. खोल छातीचं कुत्रं, पोट ढोलासारखं फुगलंय, ओकायचा प्रयत्न करतंय पण काहीच पडत नाही, एका जागी बसवत नाही. जठराला पीळ पडलेला असतो. त्यात तासांचा हिशेब असतो, सकाळ नसते.

बाकी साध्या जुलाबात एक दिवस थांबून सुधारणा नाही, किंवा कुत्रं मलूल व्हायला लागलं, तर आणा. आणि आणलंत तर कृपा करून "डॉक्टर, अँटिबायोटिक द्या" म्हणू नका. साध्या जुलाबाला ते लागत नाही, आतड्यातले चांगले जंतू मरतात ते वेगळंच. माणसाच्या अंगदुखी-तापाच्या गोळ्या तर घरातच राहू द्या. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांनी जठराला भोकं पडतात आणि मूत्रपिंडं जातात.

मिरजकाका
रविवार, दुपारी ३:०५

एवढं मोठं लिहिलंत, पण आम्ही नदीकाठची माणसं. पुरानंतर आमच्या गल्लीत दोन कुत्री पिवळी पडून गेली, आधी ओकतच होती. ते काय होतं?

विट्याचा_पशुवैद्य
रविवार, दुपारी ३:३०

बघितल्याशिवाय ठामपणे सांगता येणार नाही, पण पहिला संशय लेप्टोवर, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या जंतूच्या आजारावर. उंदरांच्या लघवीतून पाण्यात, चिखलात येतो. २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलाशी पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं, २०२१ ला परत पूर, अशा वेळी डबक्यांतलं पाणी पिणाऱ्या कुत्र्याला धोका असतो. उलट्या, ताप, मग डोळे-हिरड्या पिवळ्या. हा माणसालाही होतो काका, म्हणून अशा कुत्र्याची लघवी उघड्या हातानं पुसू नका. दरवर्षीच्या लसीत लेप्टो आहे का ते डॉक्टरांना विचारून घ्या, सगळ्या लसींत नसतो.

सातारकडच्यांसाठी: अवघड केस असेल तर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. सरकारी फिरत्या पथकाचा टोल फ्री क्रमांक १९६२, मुख्यतः गाई-म्हशींसाठी, पण आडगावात कोणी नसेल तर लावून बघायला काय जातंय.

द्राक्षवाला_मणेराजुरी
सोमवार, रात्री ८:५०

क्रिएटिनिन काल संध्याकाळी १.६. आज २.३.

डॉक्टर म्हणाले चढणार हे धरूनच चाललो होतो, लघवी होतेय ही जमेची बाजू. लघवी मोजायची माझ्याकडं आहे. सलाईनची बाटली एका हातात, दुसऱ्या हातात जुनं पातेलं, आणि फौजदार दवाखान्याच्या मागच्या बोळात खांब शोधतोय. पाय वर केला की पातेलं खाली सरकवायचं. पहिल्या दोन वेळा त्यानं लाजून पाय खालीच घेतला. आता मोजमाप जमलंय, एका वेळेला दोनशे मिलीच्या आसपास. वहीत वेळ टाकून लिहितो, बागेच्या फवारणीची वही आहे, तिच्यातच.

माल झाडायला बायका आल्या होत्या, बायकोनं निभावलं. रखवालदाराच्या पोराला कुणी काही बोललं नाही. तोच रोज विचारायला येतो.

जत_एक्सप्रेस
सोमवार, रात्री ९:३०

भावा, मी आज आमच्या शेडवर रॅकखाली जाळी लावली. बाकी काही बोलत नाही.

द्राक्षवाला_मणेराजुरी
बुधवार, सायंकाळी ६:१५

१.९. उतरायला लागलं. सलाईन आज काढली. चार दिवस झाले. साडेअकरा हजार झाले, बेदाण्याच्या भावात सांगू नका कुणी, मी हिशेब घालून बघितलाय आणि बायकोनं वही काढून घेतली.

घरी आणल्यावर पहिलं काय केलं असेल? शेडच्या दारात गेला, घमेलं जिथं होतं ती जागा हुंगली आणि माझ्याकडं बघितलं. घमेलं आता वर तुळईला टांगलंय. दुय्यम माल झाकणाच्या डब्यात. रॅकखाली रोज संध्याकाळी झाडू, आधी आठवड्यातनं एकदा असायचा.

खाणं डॉक्टरांनी सांगितलंय तेच, भात आणि थोडं अंड्याचं पांढरं, मीठ नाही. आई म्हणते ह्याला तर पथ्याचं ताट आणि आम्हाला कालचं.

विट्याचा_पशुवैद्य
बुधवार, रात्री ८:००

उत्तम. रविवारी परत रक्त बघा, आणि महिन्यानं लघवी तपासा. खूप पाणी पितोय, खूप लघवी करतोय असं वाटलं तर त्याआधीच.

द्राक्षवाला_मणेराजुरी
पुढचा रविवार, दुपारी १२:२०

१.४. डॉक्टर म्हणाले आता बास.

काट्यावर परत बसवला. वीस किलो आठशे.

मिरजकाका
रविवार, दुपारी १२:४५

शाब्बास रे फौजदार. मीठपाण्याचं मी मागं घेतो, जायफळाचंही. ताक-भाताचं मात्र घेत नाही.

विट्याचा_पशुवैद्य
रविवार, दुपारी १:१०

काका, ताक चालेल, ज्याला सवय आहे त्याला. हिंग-मीठ न घालता, आणि पातळ.

मिरजकाका
रविवार, दुपारी १:१२

बिनहिंगाच्या ताकाला आम्ही ताक म्हणत नाही. पण घालीन तसलंच.